मानवजातीचा शेवट : कोणाच्या घड्याळाने?

विद्यार्थी मित्रांनो, 'जग बुडणार' ही बातमी आजवर किती वेळा ऐकली, हे तुमच्या आजी-आजोबांना एकदा विचारून पाहा. फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रहीचा योग आला, तेव्हा ठिकठिकाणी यज्ञ झाले आणि कित्येक माणसे जीव मुठीत धरून बसली. जुलै १९७९ मध्ये 'स्कायलॅब' ही अमेरिकन अवकाश-प्रयोगशाळा खाली कोसळणार म्हणून सगळीकडे घबराट पसरली. तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. २०१२ साली माया लोकांच्या पंचांगाचा हवाला देऊन पुन्हा तीच आवई उठली. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीप्रमाणे उगवला आणि शाळेची घंटाही नेहमीप्रमाणे वाजली!

मग मानवजातीच्या शेवटाबद्दल बोलणे म्हणजे नुसत्या अफवाच काय? तसे नाही. हा विषय गंभीरपणे हाताळणारे एक क्षेत्र आहे. ते म्हणजे विज्ञानकथा. अफवा आणि विज्ञानकथा यांत फरक कोणता? भूमितीचे प्रमेय आठवा. त्यात आधी 'पक्ष' सांगतात, मग 'साध्य' सांगतात आणि मधली प्रत्येक पायरी तपासता येते. चांगली विज्ञानकथा अशीच असते. 'अमुक घडले असे धरू, तर पुढे काय होईल?' असे ती विचारते. पक्ष चुकीचा निघाला, तर निष्कर्षही कोसळतो. अफवेला पक्षच नसतो, त्यामुळे ती तपासताही येत नाही आणि खोटी ठरली तरी मरत नाही.

चला तर, मानवजातीच्या शेवटाच्या काही प्रसिद्ध कथा आपण गणिताची वही शेजारी ठेवून पाहू या.

तीन कोटी वर्षांनंतरचा समुद्रकिनारा

एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्याने लंडनमध्ये टी. एच. हक्स्ली या नामवंत जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली विज्ञानाचे शिक्षण घेतले होते. १८९५ साली त्याची 'द टाइम मशीन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक कालयंत्रात बसून भविष्यात जातो. इ. स. ८,०२,७०१ मध्ये त्याला मानवजात दोन प्राण्यांत विभागलेली दिसते. जमिनीवर ऐषारामात राहून दुबळे झालेले 'एलॉय' आणि जमिनीखाली यंत्रे चालवणारे, अंधाराला सरावलेले 'मोरलॉक'. श्रीमंत आणि कामकरी यांच्यातील दरी रुंदावत गेली तर काय होईल, हा तेथला पक्ष.

पण आपल्याला रस आहे तो त्यापुढच्या प्रवासात. नायक आणखी पुढे जातो. सुमारे तीन कोटी वर्षांनंतर तो एका समुद्रकिनाऱ्यावर थांबतो. पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे थांबले आहे. तांबडा, निस्तेज, भला मोठा सूर्य आकाशात एकाच जागी लटकला आहे. हवा विरळ आहे, कडाक्याची थंडी आहे, बर्फ पडत आहे. माणूस तर सोडाच, खडकांवरच्या हिरवट दगडफुलांखेरीज फारसे काही जिवंत दिसत नाही.

वाचताना अंगावर काटा येतो. पण भौतिकीच्या विद्यार्थ्याने काटा आला तरी प्रश्न विचारावा : तीन कोटी हा आकडा वेल्सने आणला कोठून?

सूर्याची शिदोरी

सूर्याचे वस्तुमान २ वर ३० शून्ये इतके किलोग्रॅम आहे. तो दर सेकंदाला सुमारे ३८ वर २५ शून्ये इतके जूल ऊर्जा बाहेर टाकतो. ही ऊर्जा येते कशातून?

समजा, सूर्य दगडी कोळशाचा आहे. (कोळसा जळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.) एक किलोग्रॅम कोळशापासून सुमारे ३ कोटी जूल उष्णता मिळते. सबंध सूर्य जाळला, तर ६ वर ३७ शून्ये इतके जूल मिळतील. याला दर सेकंदाच्या खर्चाने भागा. उत्तर येते सुमारे १६ वर १० शून्ये इतके सेकंद, म्हणजे जेमतेम ५,००० वर्षे! इजिप्तचे पिरॅमिड बांधले गेले, त्याच्या थोडे आधी पेटलेला हा सूर्य आतापर्यंत विझायला आला असता. तेव्हा कोळसा बाद.

एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि लॉर्ड केल्व्हिन यांनी दुसरा मार्ग सुचवला. उंचावरून दगड पडला की त्याची स्थितिज ऊर्जा कमी होते आणि शेवटी तिची उष्णता बनते. सूर्य स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने सावकाश आकुंचन पावत असेल, तर त्याचे द्रव्य केंद्राकडे 'पडत' आहे आणि त्यातूनच उष्णता निघत आहे. हा हिशेब केला, तर सूर्याचे आयुष्य सुमारे तीन कोटी वर्षे भरते. आले ना लक्षात? वेल्सने आकडा मनाने ठोकून दिला नव्हता. त्याच्या काळच्या भौतिकीने सूर्याला जेवढी शिदोरी दिली होती, तेवढ्याच दिवसांचा प्रवास त्याने नायकाला घडवला. भूशास्त्रज्ञांना मात्र हा आकडा पटत नव्हता. खडकांचे थर साठायला आणि जीवसृष्टीची उत्क्रांती व्हायला यापेक्षा कितीतरी अधिक काळ हवा, असे ते सांगत.

कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर वर्षभरातच, १८९६ मध्ये, बेकेरेल यांना युरेनियमचा किरणोत्सर्ग आढळला. अणूच्या पोटात ऊर्जेचे वेगळेच कोठार आहे हे हळूहळू कळू लागले. १९२० साली एडिंग्टन यांनी सुचवले, की सूर्यात हायड्रोजनपासून हेलियम बनत असावा. या क्रियेत सुमारे ०.७ टक्के वस्तुमान नाहीसे होते आणि आइन्स्टाइनच्या सूत्राप्रमाणे त्याची ऊर्जा होते. क्रियेचे सविस्तर टप्पे १९३९ पर्यंत हान्स बेथे यांनी मांडले. सूर्याच्या वस्तुमानाचा फक्त दहावा भाग या क्रियेत वापरला जातो असे धरले, तरी सूर्याचे आयुष्य सुमारे १० अब्ज वर्षे येते. त्यांपैकी सुमारे ४.६ अब्ज वर्षे सरली आहेत.

गंमत पाहा. भौतिकी बदलली तशी कथाही बदलली. १९३० साली ओलाफ स्टेपल्डन या लेखकाने 'लास्ट अँड फर्स्ट मेन' हे पुस्तक लिहिले. त्यात मानवजातीचा भावी इतिहास तीन कोटी नव्हे, तर सुमारे दोन अब्ज वर्षे चालतो. माणसाच्या एकामागून एक अठरा जाती होऊन जातात. शेवटची जात नेपच्यूनवर राहते. आपला अंत अटळ आहे हे कळल्यावर हे लोक जीवनाची सूक्ष्म बीजे अंतराळात सोडण्याच्या खटपटीला लागतात. वेल्स ते स्टेपल्डन या पस्तीस वर्षांत मानवजातीला साठपटींहून अधिक मुदत वाढवून मिळाली!

आज आपल्याला आणखी एक गोष्ट माहीत आहे. वेल्सची पृथ्वी गारठून मेली. खऱ्या पृथ्वीच्या नशिबी उलटे आहे. सूर्य विझत नसून सावकाश अधिक तेजस्वी होत आहे. दर अब्ज वर्षांत त्याचे तेज सुमारे १० टक्क्यांनी वाढते. त्यामुळे सुमारे एक अब्ज वर्षांनी पृथ्वीवरचे समुद्र टिकणे कठीण होईल आणि सुमारे पाच अब्ज वर्षांनी सूर्य फुगून 'तांबडा राक्षसी तारा' बनेल.

एक मिलिमीटर म्हणजे एक वर्ष

वर्गात हा विषय निघाला, की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "सर, शेवटी सगळे नष्टच होणार असेल, तर अभ्यास कशाला करायचा?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर देण्यासाठी मी फळ्यावर एक प्रमाण मांडतो : एक वर्ष म्हणजे एक मिलिमीटर.

समजा, तुम्ही मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटावर उभे आहात. माणसाचे ८० वर्षांचे आयुष्य म्हणजे ८ सेंटिमीटर, तुमच्या हाताची चार बोटे. लेखनकला सापडून सुमारे ५,००० वर्षे झाली, म्हणजे ५ मीटर. आपली मानवजात सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीची, म्हणजे ३०० मीटर. एवढ्यात तर लांब पल्ल्याची गाडी फलाटही सोडत नाही. वेल्सचे तीन कोटी वर्षांनंतरचे स्थानक ३० किलोमीटरवर, म्हणजे साधारण मुलुंडला. समुद्र आटण्याची वेळ १,००० किलोमीटरवर : कल्याण, नाशिक, भुसावळ, नागपूर मागे टाकून गोंदियाच्याही पुढे. आणि सूर्य राक्षसी तारा होण्याची वेळ म्हणजे मुंबई ते गोंदिया जाऊन-येऊन अशा अडीच फेऱ्या!

फलाटावर चार बोटे जागेत उभ्या असलेल्या माणसाने गोंदियापलीकडच्या खड्ड्याला भिऊन गाडीत चढायचेच नाही, हे शहाणपणाचे होईल का?

पण थांबा. प्रमाण मांडले आहेच, तर फलाटावरच, आपल्या पायाशी काय पडले आहे तेही पाहिले पाहिजे.

त्याच लेखकाची दुसरी कथा

वेल्सने १९१४ साली 'द वर्ल्ड सेट फ्री' ही आणखी एक कादंबरी प्रसिद्ध केली. फ्रेडरिक सॉडी यांनी रेडियमवर लिहिलेले पुस्तक वाचून ती त्याला सुचली. अणूतील ऊर्जा माणसाच्या हाती आली तर काय होईल, हा तिचा पक्ष. कथेत १९३३ साली एक शास्त्रज्ञ ही किमया साधतो आणि १९५६ मध्ये महायुद्ध पेटून विमानांतून शहरांवर 'अणुबाँब' टाकले जातात. त्या वेळी अणूला केंद्र असते हे कळून जेमतेम तीन वर्षे झाली होती, न्यूट्रॉन कोणाला माहीतही नव्हता.

लिओ झिलार्ड या हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये ही कादंबरी वाचली. सप्टेंबर १९३३ मध्ये, म्हणजे कथेतल्याच वर्षी, लंडनच्या रस्त्यावरून चालताना त्याला शृंखला-प्रक्रियेची कल्पना सुचली. एका न्यूट्रॉनने अणुकेंद्र फुटून दोन न्यूट्रॉन बाहेर पडले, तर ते आणखी दोन केंद्रे फोडतील, मग चार, आठ, सोळा... कादंबरी वाचलेली असल्यामुळे पुढे काय होऊ शकते हे त्याला दिसत होते. म्हणून त्याने या कल्पनेचे पेटंट गुप्त राहावे यासाठी ते ब्रिटनच्या नौदल खात्याच्या स्वाधीन केले. १९३८ च्या डिसेंबरात हान आणि स्ट्रासमान यांना युरेनियमच्या विखंडनाचा पुरावा मिळाला. २ डिसेंबर १९४२ ला शिकागो येथे पहिली नियंत्रित शृंखला-प्रक्रिया घडवण्यात आली. जपानवर पूर्वसूचनेशिवाय बाँब टाकू नये म्हणून झिलार्डने जुलै १९४५ मध्ये सह-शास्त्रज्ञांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. उपयोग झाला नाही. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमा बेचिराख झाले. वेल्स तेव्हा हयात होता. ऑगस्ट १९४६ मध्ये तो वारला.

मित्रांनो, एकाच लेखकाच्या या दोन कथा शेजारी ठेवून पाहा. सूर्याच्या अंताची कथा त्या काळच्या उत्तम भौतिकीवर उभी होती, तरीही ती शेकडो पटींनी चुकली. माणसाच्या हातून होणाऱ्या संहाराची कथा कल्पनेवर अधिक उभी होती, पण ती ३१ वर्षांत, आपल्या प्रमाणात ३१ मिलिमीटरमध्ये, खरी झाली. स्वतः एडिंग्टन यांनीही १९२० च्या त्याच भाषणात इशारा दिला होता, की ताऱ्यांतील ही शक्ती माणसाच्या हाती आली तर ती त्याच्या कल्याणाला कारण होईल किंवा आत्मघाताला.

१९८३ साली कार्ल सेगन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडला. अणुयुद्धात शहरे पेटली, तर धुराची काजळी वातावरणात उंच जाऊन सूर्यप्रकाश अडवेल. जमीन थंड पडेल आणि युद्धाशी काही संबंध नसलेल्या देशांतही पिके हातची जातील. याला 'आण्विक हिवाळा' म्हणतात. थंडी किती पडेल आणि किती काळ टिकेल, याचे आकडे पुढे बदलत गेले. सबंध मानवजात नष्ट होईलच असेही नव्हे. पण असे युद्ध जिंकणाराही उपाशी मरेल, ही गोष्ट त्या हिशेबाने सर्वांपुढे आली. १९८०-९० च्या दशकाच्या मध्यावर जगात सुमारे ७०,००० अण्वस्त्रे होती. आज ती सुमारे १२,००० आहेत. ही संख्या अजूनही भयंकर आहे. परंतु ती कमी झाली ती करार करून, मोजणी करून, म्हणजे माणसांनी ठरवल्यामुळे.

आकाशातून येणारा दगड

आता तिसऱ्या प्रकारचा शेवट. यात संकट निसर्गाचे, पण उपाय माणसाचा.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सुमारे १० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आजच्या मेक्सिकोत आदळला. डायनोसॉर नाहीसे झाले ते या आघातामुळे, अशी कल्पना १९८० मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी त्यांच्या सहकाऱ्यांसह मांडली. घनता पाण्याच्या तिप्पट आणि वेग सेकंदाला २० किलोमीटर धरून ½mv² या सूत्राने त्याची गतिज ऊर्जा काढा. हिरोशिमाच्या बाँबसारखे सुमारे ५०० कोटी बाँब एकदम फुटल्यासारखे ते होते. असल्या आघाताची लहानशी खूण आपल्याकडेही आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर अशाच, पण खूप लहान पाषाणाच्या आघाताने बनले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. सहलीला गेलात, तर काठावर उभे राहून या गोष्टीचा जरूर विचार करा.

आर्थर क्लार्क यांची १९७३ सालची 'रांदेव्हू विथ रामा' ही कादंबरी अशाच एका आघाताने सुरू होते. २०७७ साली उत्तर इटलीवर पाषाण कोसळतो आणि मग माणसे 'स्पेसगार्ड' नावाची पहाऱ्याची योजना आखतात. आपले डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांच्या धूमकेतूवरील कथेत एका हौशी आकाशनिरीक्षकाला सापडलेला धूमकेतू पृथ्वीच्या रोखाने येतो. शास्त्रज्ञ अवकाशात स्फोट घडवून त्याचा मार्ग बदलतात आणि इकडे अरिष्ट टळावे म्हणून शांतीचे विधी चालू असतात! अरिष्ट कशाने टळले, हा प्रश्न लेखकाने वाचकावर सोपवला आहे.

क्लार्कच्या कथेतला पहारा पुढे खरोखरच बसला. १९९२ मध्ये अमेरिकेत लघुग्रहांच्या शोधाची योजना मांडली गेली, तेव्हा तिला कादंबरीतले 'स्पेसगार्ड' हेच नाव देण्यात आले. दोनच वर्षांनी, जुलै १९९४ मध्ये, शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळताना साऱ्या जगाने पाहिले. आज पृथ्वीजवळून जाणाऱ्या, एक किलोमीटरहून मोठ्या लघुग्रहांपैकी ९० टक्क्यांहून अधिक सापडले आहेत. १४० मीटरच्या आसपासचे मात्र २०२५ पर्यंत निम्म्याहूनही कमी सापडले होते. म्हणजे तुमच्यासाठी काम शिल्लक आहे!

नारळीकरांच्या कथेतला उपाय? त्याचीही एक सौम्य चाचणी झाली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये 'डार्ट' हे सुमारे ५८० किलोग्रॅमचे यान सेकंदाला ६ किलोमीटर वेगाने डायमॉर्फोस या १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले. हा लघुग्रह डिडिमोस नावाच्या मोठ्या सोबत्याभोवती ११ तास ५५ मिनिटांत एक फेरी घालत असे. धडकेनंतर ही वेळ सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाली. माणसाने एका आकाशस्थ गोलाची कक्षा मोजण्याइतकी बदलली, ती ही पहिलीच वेळ. डायनोसॉरांपाशी दुर्बीण नव्हती आणि यानही नव्हते. आपल्यापाशी दोन्ही आहेत.

आणि २०२४ च्या डिसेंबरात सापडलेला '२०२४ वायआर-४' हा लघुग्रह? २०३२ मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३ टक्क्यांच्या वर गेली. अधिक निरीक्षणे हाती येताच काही दिवसांतच ती जवळजवळ शून्यावर आली. हवाल्याशिवाय घाबरवणारी अफवा आणि आकड्यांसह पुन्हा पुन्हा तपासला जाणारा इशारा यांतला फरक येथे स्पष्ट दिसतो.

तीन घड्याळे

तर मानवजातीच्या शेवटाची घड्याळे तीन आहेत. पहिले सूर्याचे. ते अब्जावधी वर्षे मोजते आणि त्याच्या काट्यांना आपला हात पोचत नाही. दुसरे आकाशातल्या दगडांचे. ते अनियमित चालते, पण दुर्बीण आणि गणित यांनी त्याची वेळ आधी वाचता येते आणि काटा थोडा सरकवताही येतो. तिसरे आपले स्वतःचे. अण्वस्त्र घेऊन जाणारे क्षेपणास्त्र एका खंडातून दुसऱ्या खंडात सुमारे अर्ध्या तासात पोचते, म्हणून हे घड्याळ मिनिटे मोजते. पण त्याला किल्ली देणारा माणूसच आहे.

विचित्र गोष्ट ही, की आपण बहुधा उलट्या क्रमाने भितो. सूर्याच्या अंताची कथा ऐकून झोप उडते आणि अण्वस्त्रांचा आकडा वाचून आपण पान उलटतो. मागच्या बाकावरच्या त्या मित्राला माझे उत्तर असे : जेथे आपल्याला काही करता येत नाही तो शेवट गोंदियापलीकडे आहे, आणि जो पायाशी आहे तेथे जवळजवळ सर्व काही आपल्याला करता येते. अभ्यास त्यासाठीच करायचा.

यापुढे जगबुडीची कथा वाचाल किंवा अफवा ऐकाल, तेव्हा तिला तीन प्रश्न विचारा. पक्ष कोणता? मुदत किती वर्षांची? आणि काटा कोणाच्या हाती?

जाता जाता एक घरचा अभ्यास. एक किलोग्रॅम पेट्रोल जाळले असता सुमारे साडेचार कोटी जूल उष्णता मिळते. सूर्य सबंध पेट्रोलचा असता, तर किती वर्षे जळला असता? आधी वहीत मांडणी करा. उत्तर साडेसात हजार वर्षांच्या आसपास आले, तर तुमचा भागाकार बरोबर आहे.